आधी काच, मग कॅप्सूल

दवाखान्यात औषधं एक्सपायर होतात, किस्से होत नाहीत. नव्वदच्या दशकात मी कोपरखैरण्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात लॅबवाला होतो. तेव्हाचा स्टॉक अजून संपत नाही!

कॅज्युअल्टीला नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी नियम काढला. अत्यवस्थ सोडून तापाचा कुणीही आला, की आधी बोट टोचून रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली बघायची. मलेरिया असेल तर त्याच्या गोळ्या. अँटिबायोटिक गरज असेल तरच.

आमचे मालक, मोठे सर, वैतागले. "मॅडम, समोरचा डॉक्टर येईल त्याला सुई देतो. तुमची काच होईपर्यंत पेशंट रस्ता ओलांडतो! दिवाळीपर्यंत बाकं भरली नाहीत तर नियम बंद, आणि तुम्हीही मोकळ्या."

*

मार्केटातला एक माथाडी आला, साताऱ्याकडचा. काचेत काही नव्हतं, साधा ताप. मॅडमनी सुई नाकारली.

"आवो, सुई नसंल तर मुकादम म्हणंल, ताप खोटा हाय!"

मी त्याच्या टोचलेल्या बोटाला चांगली जाडजूड पट्टी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सहा माथाडी दारात.

"ताप न्हाई वो कुणाला. पट्टी तेवढी बांधा!"

*

करावे गावच्या एका मावशींना खरंच अँटिबायोटिक लागलं. मॅडमनी रोज तीन, अशा पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. मावशी दुसऱ्याच दिवशी हजर. "संपल्या."

"अहो, पंधरा होत्या!"

"घरान पाच मानसं हाव. एकटीनं खाल्ल्या तर बरा दिसल का?"

"पण ताप कुणाला होता?"

"मनाच होता!"

*

कळंबोलीचा एक ट्रक ड्रायव्हर तापानं कण्हत आला. मॅडम म्हणाल्या, "दर आठ तासांनी एक कॅप्सूल."

"घड्याळ नाय मॅडम, गाव सांगा."

मॅडमनी बिचाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: सातारा एक, बेळगाव एक, हुबळीच्या पुढे एक. चार दिवसांनी गडी तसाच कण्हत परत.

"औषध घेतलं नाही?"

"घेणार कसं? गाडी खोपोलीतच बंद पडली ना!"

*

दिवाळी आली. बाकं अर्धी रिकामी. सर दुपारी आले ते खिशात मॅडमना काढल्याचं पत्र घालूनच.

तेवढ्यात माकडटोपी घातलेला एक माणूस कुडकुडत आत शिरला. टोपी काढली, तर समोरचा डॉक्टर!

सरांना काय आनंद! "सिस्टर, डॉक्टरांना आधी इंजेक्शन भरा!"

डॉक्टरनं दंड मागे ओढला. "नको, नको! त्यात काय असतं ते मला माहितेय. मॅडम, आधी काच बघा."

मी त्याचं बोट टोचलं. तेव्हा कुठे त्याचं सरांकडे नीट लक्ष गेलं.

"अरे, सर तुम्ही! कालच्या माझ्या सुईनं तुमचा ताप उतरला का?"

सरांनी एक हात खिशातल्या पत्रावर तसाच ठेवला. आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्यापुढे केलं.