नंदुरबार ते नवापूर: मोटार पुढे, फटफटी मागे

नवापूरला जायचं ठरलं ते माझ्या जेठांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, मुलीला मुलगा झाला म्हणून. मला नेलं ते बारशाच्या स्वयंपाकाला. विधवेला बारशाला हौसेनं कोण नेतं? पण पन्नास माणसांचं वरण मी एकटी उतरवते, म्हणून मोटारीत जागा मिळाली.

जेठांनी जुनी मोटार घेतल्याला वर्षही झालं नव्हतं. मोटार ते चालवणार. मागे डावीकडे मोठ्या जाऊबाई, उजवीकडे मी. पुढच्या सीटवर तुपाचा डबा आणि लाडूंची पातेली. आणि मागच्या काचेला टेकून आमच्या मळ्यातले केळीचे घड, वरपर्यंत. धाकटा दीर मगन म्हणाला, मी फटफटीवर येतो. त्याला मोटारीत कोंबडीसारखं बसायचं नव्हतं.

आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जेठासमोर बाई बोलत नाही. पदर पुढे ओढते, काही सांगायचं तर जाऊबाईला सांगते, जाऊबाई त्यांना सांगते. नवरा होता तोवर त्याच्या तोंडानं माझं बोलणं पुढे जायचं. तो गेला, आणि त्या घरात मी नुसती ताटं मांडणारी झाले. मगन तेवढा थट्टा करायचा, पण तो बहुतेक बाहेरच.

तापीकाठच्या आमच्या गावाहून सकाळी लवकर निघालो. तुम्हीही लवकरच निघा. नंदुरबार सोडलं की डांबर एका गाडीपुरतंच. समोरून कोणी आलं की दोघांनी एकेक बाजू मातीत उतरवायची. पण ही वाटणी मोठ्यांची. ट्रकसाठी मोटार उतरते, मोटारीसाठी फटफटी उतरते, फटफटीसाठी कुत्रंसुद्धा उतरत नाही. मातीत उतरलं की धूळ अशी उठते की मागच्याला स्वतःचा हात दिसत नाही. मगन ती धूळ खात मागे येत होता. मध्येच पुढे जायचा, भोंगा वाजवायचा, परत मागे. पोराठोरांचा खेळ. तीन पोरांचा बाप तो! जेठ पहिल्यांदा वैतागले, मग त्यांनी त्या भोंग्याकडे कान देणंच सोडलं.

खांडबाऱ्याला बाजार होता. तिथे थांबा, भजी खा. चहा मात्र पाणचट, आणि वर दोन आणे. नवे पैसे आले तरी आम्ही आणेच म्हणतो. मगनचं तोंड धुळीनं पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखं झालं होतं.

जेठ त्याला म्हणाले, "मांगेच ऱ्हाय. लांब ऱ्हाय."

"मांगे ऱ्हायसू तं धूळ कोन खाई, दादा? तू?"

"मंग पुढे जा आनि पुढेच ऱ्हाय."

"पुढे तुन्हा भोंगा, मांगे तुन्ही धूळ. फटफटीवालानी जावानं कोठे?" असं म्हणून हसला आणि माझ्या हातातलं भजं पळवलं.

खांडबाऱ्यापुढे साग लागतो, रस्ता वळणं घेतो. जाऊबाईंना मळमळायला लागलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. मी एकटीच बाहेर बघत होते. माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून बघायची सवय लागलीय.

एका वळणापुढे बांबूनं भरलेली बैलगाडी दिसली, बांबू मागे हातभर बाहेर. तेवढ्यात माझ्या खिडकीशी भोंगा वाजला. मगन. धुळीतून सुटायला उजवीकडून आला होता, त्याचं पुढचं चाक माझ्या दाराला लागून. त्याला वाटत होतं, भाऊच चालवतोय, भावाला आपण दिसतोच. जेठांनी वरच्या आरशात पाहिलं असेल तर केळी दिसली असतील. भोंगा ऐकला असेल तर म्हणाले असतील, चालला याचा खेळ. त्यांनी बांबू चुकवायला चाक उजवीकडे फिरवायला घेतलं.

उजवीकडे खड्डा. मध्ये मगन.

जाऊबाईंना उठवून सांगायला वेळ कुठला? मी ओरडले, "थांबा! मगन शे बाजूले! डावीकडे ल्या!"

जेठांनी ब्रेक असा दाबला की तुपाचा डबा खाली गेला. मोटार बांबूंपाशी थांबली. मगन घसरून गवतात पडला. मी पदर सोडून धावले. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. पडल्या पडल्या तो माझ्याकडे बघत राहिला.

"वहिनी, तू दादासंगे बोलनी?"

"मंग काय तुन्ही वाट लागू देती? ऊठ, गाढवा."

जाऊबाई मोटारीतून म्हणाल्या, "लाज सोडी का काय!"

जेठ खाली उतरले. मोटारीमागे गेले, एकेक घड उतरवला आणि टपावर दोरीनं बांधला. काच मोकळी झाली. गाडीवान बैलांना थोपटत होता, तो म्हणाला, "आते निंघा, मी मातीमा उतरस." आणि खरंच बैलं खाली घेतली.

नवापूरबद्दल काय लिहू? मी नवापूर पाहिलं नाही, चूल पाहिली. जाऊबाईंनी पोहोचताच सगळ्यांना सांगितलं. बाया स्वयंपाकघराच्या दारात यायच्या, मला बघायच्या, आत यायच्या नाहीत. "हाईच का? जेठवर वरडनी ती?" पाळणा हलला तेव्हा मी मागच्या ओट्यावर बसून भांडी घासत होते. मगन बाहेर पुरुषांत. एकदा येऊन म्हणाला, वरण झकास. तेवढंच.

परतताना काचेतून मागचं स्वच्छ दिसत होतं, पण वळणावर आरसा काय दाखवणार? सागाची झाडं लागली तसे जेठ समोर बघतच म्हणाले, "मांगे शे का कोनी?"

जाऊबाई म्हणाल्या, "मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं. मी कशी देखू?"

"तुले नही ईचारं."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवून पाहिलं.

"शे," मी म्हणाले. "फटफटी. पुढे येवाले देखस."

त्यांनी मोटार हळू केली, डावं चाक मातीत घातलं, खिडकीतून हात काढून पुढे जा अशी खूण केली. मगन डांबरावरून गेला. मोटारीनं फटफटीसाठी डांबर सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग पुढे जाऊन तो पुढेच राहिला, भोंगा न वाजवता.

नंदुरबारपर्यंत ते विचारत राहिले, मी सांगत राहिले. ट्रक शे. नही, कोनी नही. सायकल शे, दोन जन बठेल. माझा आवाज मला परका वाटत होता.

तुम्ही जाल तर काचेला काही टेकवू नका. फटफटीवाल्यांनो, मोटारवाला सख्खा भाऊ असला तरी त्याला तुम्ही दिसत नाही असंच धरा. आणि मागे बघायला एक माणूस बसवा, ज्याला बोलायची मुभा आहे.

घरी आलो, उतरलो. मी पदर पुढे ओढला. ओसरीत जेठ माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, चहा ठेव."

जाऊबाईंनी मला सांगितलं. मी चहा ठेवला.