केरू मिस्त्रीचा कान

रत्नागिरीहून पावस गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला चढ संपतो तिथे केरू मिस्त्रीची पत्र्याची शेड आहे. तीस वर्षं त्याने गाड्यांची दुखणी कानाने ओळखली. गाडी चढावर असतानाच तो हातातला पाना खाली ठेवून म्हणायचा, "हिचा वॉटर पंप जाणार." गाडी दारात येऊन थांबायची तेव्हा खाली पाण्याचे थेंब पडत असायचे. पार राजापूरचे ड्रायव्हर त्याच्याकडे येत ते याचसाठी.

गेल्या दिवाळीपासून मात्र घरात कुरबुर सुरू झाली होती. बायको, सोनूबाई, म्हणायची, "अवो, चार शिट्ट्या झाल्या कुकरच्या. गॅस बंद करा म्हणून सांगितलं होतं ना?" केरू म्हणायचा, शिट्टीच बिघडलीय. त्याने बाजारातून नवी शिट्टीसुद्धा आणून लावली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी रुचिरा आपली पिकअप घेऊन आली. वडिलांचे गुडघे धरल्यापासून मिरकरवाडा बंदरातली मासळी बर्फात घालून तीच राजापूरला पोचवते. त्या दिवशी माल उतरवून ती रिकामी परतत होती.

"केरूकाका, गाडी किंचाळतेय. बाजारात माणसं वळून बघतात. दोनदा नवा बेल्ट टाकून घेतला. चार दिवस गप्प राहते, पुन्हा तेच."

केरूने बॉनेट उघडलं. "रेस दे," म्हणाला आणि मान तिरकी करून उभा राहिला. डिझेलची घरघर आली. बाकी काहीच नाही.

"काय नाय गो बाय. इंजिन झकास चाललंय."

रुचिरा त्याच्याकडे बघतच राहिली. "काका, आता ओरडतेय की!"

"मनाचे खेळ असतात," असं केरू म्हणणार होता. तेवढ्यात त्याची नजर बाकड्याकडे गेली. आपल्या टेम्पोच्या दुरुस्तीसाठी थांबलेला धोंडू दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे घट्ट मिटून बसला होता.

चहा सांगून येतो म्हणून केरू शेडच्या मागे गेला. अंगठा आणि बोट कानाशी धरून एकमेकांवर घासलं. उजव्या कानाशी काही नाही. डाव्या कानाशीही नाही. कुकरची शिट्टी चांगली होती तर. तो तिथे बराच वेळ फणसाच्या खोडाला टेकून उभा राहिला. 'आज वेळ नाय, उद्या आण' असं सांगून पोरीला वाटेला लावता आलं असतं. पण तिसऱ्यांदा कोणीतरी तिच्या गळ्यात बेल्टच मारला असता.

तो परत आला तो चहा न घेताच.

"रुचिरा, मला ऐकू येत नाय. बारीक आवाज तर अजिबात नाय. तू ऐक. मी विचारीन तेवढं सांग."

धोंडूची बोटं कानांतून खाली आली. रुचिरा बॉनेटजवळ येऊन उभी राहिली.

"सकाळी गार गाडी सुरू करताना जास्त ओरडते?"

"सकाळी, दुपारी, सारखंच."

केरूने बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं आणि फिरत्या बेल्टवर लांबूनच पाण्याची बारीक धार सोडली. "आता?"

"थांबला! ...नाही, आला परत."

"पाणी पडल्यावर वाढला नाय ना?"

"नाही. आधी थांबलाच."

"वाढला असता तर बेल्ट सैल. थांबून परत येतो म्हणजे बेल्ट तिरका धावतोय."

त्याने इंजिन बंद करून बेल्ट उतरवला. मग डोळे मिटून एकेक पुली बोटाने फिरवू लागला. मधल्या पुलीशी त्याचा हात थांबला. "हात लाव बघू."

रुचिराने ती फिरवली. "तांदळात खडे असल्यासारखं लागतंय."

"बेअरिंग गेलंय. पुली कललीय, त्या पुलीवर बेल्ट कडेने घासतोय. बेल्टचा बिचाऱ्याचा काय दोष?"

धोंडूने टेम्पो तसाच ठेवला आणि कोणाची तरी मोटारसायकल घेऊन रत्नागिरीतून पुली आणून दिली. ती बसवून इंजिन सुरू केलं तेव्हा केरू इंजिनाकडे न बघता रुचिराच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"गप्प झाली," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्याने सोनूबाईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला केव्हाच कळलेलं. तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते." पुढच्या आठवड्यात दोघं डॉक्टरकडे गेली. कानाचं मशीन मिळालं. घरात केरू ते लावतो, पण शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला की डोकं भणभणतं म्हणून डबीत काढून ठेवतो.

केरूचा कान गेला, ही बातमी पसरायची ती पसरलीच. जुने दोन ड्रायव्हर दुसरीकडे जाऊ लागले. त्यांच्या गाड्या शेडसमोरून न थांबता गेल्या की त्याला अजून लागतं. जे येतात त्यांना मात्र तो बाजूला उभं करतो, खोदून खोदून विचारतो, त्यांचाच हात पुलीवर ठेवतो.

परवा राजापूरच्या बाजारातून रुचिराचा फोन आला. "काका, नवा आवाज. क्लच दाबला की येतो."

"कसा येतो? नक्कल करून दाखव."

"इथे? भर बाजारात?"

"मग काय झालं? नि जरा जाड आवाजात कर, मला ऐकू येईल असा."