बाईंचा रविवार

"एवढं झालं की बसते," असं म्हणत बाई पदर खोचायच्या. बसलेल्या मात्र मला त्या आठवत नाहीत. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. असली तर जरा तिच्याकडे बघा.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी पिंपरीत पाळक होतो. मंडळी नवी, बहुतेक नगरकडून कारखान्यांत कामाला आलेली. चर्चला इमारत नव्हती. शाळेचा एक मोठा वर्ग आम्हाला रविवारी सकाळी वापरायला मिळायचा. बाई एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा वारलेला, एकुलती मुलगी मिरजेला शिकत होती. इकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे रविवारी सकाळी मंडळीचं काम आणि दुपारी सेकंड शिफ्ट, असा बाईंचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस.

सातला त्या वर्गाचं कुलूप काढायच्या. बाकं सरळ करायच्या, फळा पुसायच्या, संडे स्कूलची पोरं सांभाळायच्या. उपासना सुरू झाली की मागच्या व्हरांड्यात स्टोव्ह पेटवून सगळ्यांचा चहा. गुरुवारी मोकळ्या असतील म्हणावं, तर कॉलनीतल्या आजाऱ्यांना इंजेक्शनं देत फिरायच्या. त्यातली निम्मी घरं मीच त्यांना सांगितलेली.

एकदा मी चौथ्या आज्ञेवर उपदेश केला. देवानंही सातव्या दिवशी विसावा घेतला, मग आपण कोण लागून गेलो, असं तावातावानं सांगत होतो. मध्येच स्टोव्हचा फरफर आवाज येत होता. मी थांबून म्हणालो, "बाई, हे तुमच्यासाठीच चाललंय. आत या."

"ऐकू येतंय पाळकसाहेब," बाहेरून उत्तर आलं. "दूध उतू जाईल."

मंडळी हसली. मीही हसलो. नंतर पहिला कप बाईंनी मलाच दिला, आणि मी तो घेतला.

मग एका रविवारी सगळे गेल्यावर त्या दाराशी थांबल्या. पाय सुजलेले होते. ते मला दिसले होते, हे आज कबूल करतो.

"पाळकसाहेब, पुढच्या रविवारी मी नाही आले तर चालेल? कामावरही रजा टाकीन म्हणते. नुसतं झोपून राहावंसं वाटतंय."

इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. पण पुढच्या रविवारी बिशप येणार होते, मुलांना मंडळीत पक्कं करून घेण्याचा दृढीकरणाचा विधी होता.

"बाई, एवढा एक रविवार काढा," मी म्हणालो. "नंतर महिनाभर झोपा."

"अगोबाई, माझ्या लक्षातच नव्हतं," त्या म्हणाल्या. उलट मलाच ओशाळून हसल्या.

तो रविवार झकास पार पडला. बिशपांनी आमच्या नेटकेपणाचं कौतुक केलं. मी त्यांना निरोप देत होतो, तेवढ्यात मागे कपबशा फुटल्याचा आवाज आला. बाई नळापाशी पडल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय फार दिवसांपासून थकलेलं आहे. मुलगी मिरजेहून आली. त्यानंतरच्या रविवारी मी उपासना एका वडीलधाऱ्यावर सोपवली आणि बाईंच्या खाटेशी जाऊन बसलो. त्यांनी डोळे उघडले.

"आज रविवार ना? मग तुम्ही इथं कसे?"

"आज सुट्टी घेतली, बाई."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "फार दमता तुम्ही."

एवढं बोलून त्यांना झोप लागली. मुलगी म्हणाली, "आईला दिवसा झोपलेलं मी आताच पाहतेय." मंगळवारी बाई गेल्या.

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो. वर्ग कोण उघडेल, असं विचारलं. एक हात वर झाला. बाकं? दोन हात. पोरं कोण घेईल, चहा कोण करील, आजाऱ्यांकडे कोण जाईल? विचारायचा अवकाश, हात वर होत होते. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आधी मी कधी विचारलंच नव्हतं.

मागच्या बाकावर बाईंची मुलगी पांढऱ्या साडीत बसली होती. वर झालेल्या एकेका हाताकडे ती पाहत राहिली. मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.