तापलेला डबा

लेकरू तापानं फणफणलेलं, त्याला घेऊन विंझरवरनं वेल्ह्याच्या दवाखान्यात निघाले, आन् चढावरच विजेची रिक्षा बंद पडली. मला रडूच फुटलं.

शेजारी एक शहरातली पोरगी बसलेली. तिनं सीटखालच्या डब्याला उलटा हात लावला, आपण लेकराचा ताप बघतो तसा.

"बिघडली नाही ताई. वीज फिरवणारा डबा तापलाय. जळू नये म्हणून थांबलाय."

"तुमाला काय ठावं?"

"यावरच पीएचडी करतेय. डबा तापला तरी गाडी हळू चालावी, पण वाटेत थांबू नये, म्हणून."

तिनं ओढणी फाडली, दोन घड्या भिजवून पिळल्या. एक डब्यावर, एक लेकराच्या कपाळावर. जरा येळानं रिक्षा हळूहळू चढाव चढली.

दवाखान्यात लेकराला सुई टोचून घेऊन भाईर आले, तर ती तशीच रिक्षात, डब्याला हात लावून.

"बाळ कसंय?"

"अंग निवतंय जरा. आन् तुमचा डबा?"

तवा कुठं ती हसली.