भुलीत असताना

सोनोग्राफीच्या पडद्यावर करडं धुकं हलत होतं. डॉक्टर बाई सहज म्हणाल्या, "पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलीत ना तेव्हा?"

मला फक्त गर्भाशय काढल्याचं माहीत होतं. मी शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"तू भुलीत होतीस," तो हळूच म्हणाला. "ऑपरेशनच्या डॉक्टरांनी विचारलं, मी हो म्हटलं."

ऑपरेशननंतर माझ्या अंगातून वाफा निघायच्या, झोप उडायची, उगीच रडू फुटायचं. अंडाशयांतून झिरपणारं इस्ट्रोजेन एकाएकी थांबलं की असं होतं, हे बाईंनी आज सांगितलं. तेव्हा नवरा म्हणायचा, "स्वभावच बिघडलाय तुझा," आणि मला ते पटायचं. इतकी वर्षं शरीर खरं तेच सांगत होतं आणि मी त्याच्या वतीनं नवऱ्याची माफी मागत होते.