काचेवरचा स्क्रू जॅक

दिग्विजय बोबडेचं नाव ठेवताना घरच्यांनी जरा घाईच केली, असं त्याचं स्वतःचं मत होतं. विदर्भातल्या आर्वीहून पुण्यात मेकॅनिकल इंजिनीअर व्हायला आलेला हा विजेता दुसऱ्या वर्षात वायडी झाला, म्हणजे इयर डाउन. सोबतचे पुढे गेले आणि तो धाकट्या भावंडांसारख्या पोरांत पुन्हा त्याच वर्गात बसला. घरच्या हिशेबाने तो तिसऱ्या वर्षात होता. कॉलेजच्या हिशेबाने दुसऱ्या. मधल्या फटीत तो स्वतः राहत होता. पत्ता कर्वेनगर, कॉट बेसिस, म्हणजे खोलीत भाड्याने घेतलेली एक कॉट.

सुरुवात साधी झाली होती. एक लेक्चर चुकलं. एक चुकलंच आहे म्हणून दुसरं चुकवलं. वर्गाचा ग्रुप म्यूट केला, तरी न वाचलेल्या मेसेजचा आकडा गळवासारखा फुगत राहिला. मग दुपारी उठायचं, पोटावर कुणी कुकर ठेवून गेल्यासारखं पंख्याकडे बघत पडायचं आणि संध्याकाळी अमृततुल्यवर चहा पिताना ‘सबमिशन जोरात चालू आहे’ असं ठोकून द्यायचं. खोटं बोलण्यात तो नियमित होता. हजेरी फक्त तिथेच पूर्ण भरली.

आता मशीन ड्रॉइंगची शेवटची शीट उरली होती. आज शर्मिला मॅडमची सही मिळाली तर टर्म ग्रँट, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी. नाही तर दुसऱ्या वर्षाचा तिसरा प्रयोग.

नकलेसाठी शीट वर्गातल्या, शनिवार पेठेत राहणाऱ्या शौनकने दिली. नावं-मापं लिहायची बाकी, पण गाडी उचलायचा स्क्रू जॅक कागदावर झकास उतरला होता.

“दादा, डाग पडला तर नवीन काढून द्यावी लागेल,” शौनक म्हणाला. “म्हणजे नकोच. तुमच्या हातची नको.”

काचेवर शीट चिकटवायची, मागून उजेड घ्यायचा आणि वर कोरा कागद ठेवून रेघा गिरवायच्या, याला पुण्यातली इंजिनीअरिंगची पोरं जीटी म्हणतात. ग्लास ट्रेसिंग. खोलीत काच एकच, खिडकीची. डाग पडू नये म्हणून दिग्विजयने शौनकच्या शीटचं तोंड काचेकडे केलं, पाठ आपल्याकडे आणि तिच्यावर आपला कागद. ऊन छान येत होतं. कित्येक महिन्यांत इतकं मन लावून त्याने काहीच केलं नव्हतं. शेवटी नाव, रोल नंबर आणि मापं सुवाच्य अक्षरात लिहून तो कॉलेजात पोचला.

शर्मिला मॅडमनी शीट हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली.

“आपण स्वतः काढलीत?”

“हो मॅडम.”

“मग मला सांगा, दुनियेतले जॅक ज्या बाजूला फिरवून गाडी वर उचलतात, त्याच बाजूला तुमचा फिरवला, तर काय होईल?”

दिग्विजयने स्क्रूच्या आट्यांकडे पाहिलं. सगळ्या उलट्या बाजूला कलल्या होत्या. अख्खा जॅक आरशातून बाहेर आला होता.

“गाडी खाली बसेल, मॅडम.”

“वा! म्हणजे विषय येतो तुम्हाला. फक्त काचेची बाजू कळत नाही.” मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. “इथे बसा. माझ्यासमोर काढा. आणि घरी माहीत आहे का, तुम्ही वायडी आहात ते?”

दिग्विजयने कोऱ्या कागदाचा कोपरा सरळ केला.

“मग ते आधी. घरी फोन लावा.”

व्हरांड्यात त्याने वडिलांना, हिंमतरावांना, फोन लावला.

“बाबा, मी मागच्या साली नापास झालो. अजून दुसऱ्यातच आहो.”

“मले वाटलंच होतं.”

“कसं काय?”

“अबे, पहिल्या वर्षी मेसच्या भाजीपासून मास्तरापर्यंत साऱ्याची कुरकुर करे तू. आता सालभर पाहून राहिलो, विचारलं का ‘सगळं मस्त आहे’. पुण्यात एवढं मस्त कोणाचं रायते?”

“आईला सांगाल?”

“तू सांग. मी भेतो तिले.”

आत येऊन तो बसला. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी जरा कमी. मॅडम चहा पीत पेपर तपासत होत्या. जॅक उभा राहिला; कुबड आल्यासारखा, पण आटे योग्य बाजूला.

“रेघा जाड्याभरड्या आहेत,” सही करत मॅडम म्हणाल्या. “शौनकच्या बऱ्या होत्या.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“रेघा ओळखते मी. शौनकने ज्याच्यावरून छापली, त्यालाही मीच शिकवलंय. आईला फोन केलात?”

“संध्याकाळी करतो.”

“अहो, ‘संध्याकाळी करतो’ म्हणूनच इथवर आलात ना?”

जिन्यात उभं राहून त्याने नंबर लावला.

“आई, जरा खाली बस. एक सांगायचं आहे.”

“मी उभीच बरी आहो,” आई म्हणाली. “बोल.”

आणि तो बोलला.