ढोलाविना

आमच्या करावे गावात हळदीला बेंजो पार्टी नसली तर पाहुणे जेवून जातात, पण हळद झाली असं कुणी म्हणत नाही. आमचे हे त्या पार्टीत ढोल वाजवायचे. एरवी तुर्भ्याला कारखान्यात, हळद असली की ढोलावर. गाणं कुठलंही असो, त्याला आधी आपला आगरी ठेका चढवायचा आणि मगच पुढे जाऊ द्यायचं, असा यांचा खाक्या.

एकदा लेकीने मोबाईलवर ब्राझीलचं एक गाणं ऐकवलं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचं. शब्द एक कळेना, पण ढोल असे की बूड टेकवेना. हे म्हणाले, "आपलीच मानसा हाईत गो ही!" पुढच्याच हळदीत ते गाणं वाजलं, आणि मग प्रत्येक मांडवात त्याचीच फर्माईश.

गेल्या वर्षी यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आवडीचं काही करू द्या, कदाचित हात हलेल. त्या 'कदाचित'वर आम्ही मायलेकी जगत होतो. लेक ऐरोलीला कंपनीत आहे. तिथे तिला त्याच गाण्याचा संथ अवतार सापडला. एक गिटार, एक बाई, बस्स. "आई, हे हळू आहे. बाबांना जमेल," ती म्हणाली. मलाही पटलं. आम्हाला वाटलं, हळू म्हणजे सोपं.

रविवारी सकाळी यांना खाटेवर टेकवून बसवलं, पुढ्यात ढोल ठेवला, उजव्या हातात काठी रुमालाने बांधली. गाणं लागलं. बाई इतकी हळुवार गात होती की मला रडू आलं. हे मान वाकवून वाट बघत राहिले. गाणं संपलं.

"यात ढोल कवा येतो?"

लेकीने मोबाईलकडे हात नेला. मीच फटकन म्हणाले, "तुमी वाजवा की मनाला येईल तिथं, कोन आडवतंय?"

गाणं पुन्हा लावलं. यांनी खांद्यासकट हात उचलला. काठी एकदा पडली, धप्प. बाईचा आवाज त्याखाली बुडाला. यांनी डाव्या हाताने ढोल गप्प केला.

"ऱ्हाऊ दे. तिचा बरा चाललाय आमच्याबिगर."

मी समजूत घालायला तोंड उघडलं, पण खोटं सुचेना. त्यानंतर यांनी ढोल मागितला नाही, आणि मीही पुढे केला नाही.